गाडी मागून डुलते, टायर एकाच जागी झिजतो, ट्यूब सारखी जाते: आधी हवेचा आकडा तपासा

"आबा, गाडी मांगथीन डुली ऱ्हायनी, बेअरिंग गेलं वाटतं." असं सांगत कुणी आलं की मी पान्ह्याआधी हवेचं मीटर काढतो. चोपडा-यावल पट्ट्यात गॅरेज चालवताना या एका तक्रारीने जेवढ्या गाड्या दारात आल्या, तेवढ्या इंजिनाच्या कुठल्या तक्रारीने आल्या नसतील. बहुतेकांचं बेअरिंग ठणठणीत असतं आणि हवा चुकलेली असते. कुणाची कमी, कुणाची जास्त. बऱ्याच जणांचा आकडा बरोबर असतो, पण हवा भरलेली असते भलत्याच वेळी. ही तिसरी भानगड लवकर ध्यानात येत नाही, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो.

हे सगळं १०० ते १६० सीसीच्या रोजच्या गाड्यांसाठी आहे. दूध घालायला, मळ्यात, बाजाराला, ड्युटीला जाणाऱ्या. मोठ्या गाड्यांचे आकडे वेगळे असतात, तपासायची रीत मात्र हीच.

आधी लक्षणं ओळखा

हवा कमी असली की गाडी स्टँडवरून काढून ढकलतानाच जड लागते. उतारावर न्यूट्रल केली तरी लवकर दम सोडते. हँडल जड होतं, वळणावर मागचा भाग जरा उशिरा येतो, आणि डबल सीट बसलं की पाठीमागून कुणीतरी हलवल्यासारखं वाटतं. पेट्रोल जास्त जातं. टायर बघितला तर दोन्ही कडा झिजलेल्या, मधली नक्षी अजून शाबूत. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या पोटावर, बारीक तडे दिसायला लागतात.

पंक्चर काढताना दोन खुणा हमखास सापडतात. पहिली: ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा, बोटभर अंतराने, आणि टायरमध्ये काटा नाही की खिळा नाही. खड्ड्यात चाक आदळलं तेव्हा रिमच्या कडेत आणि रस्त्यात ट्यूब चिमटली, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी: व्हॉल्व्ह रिममधून सरळ बाहेर न येता एका बाजूला तिरपा झालेला. हवा कमी असलेला टायर ब्रेक मारताना आणि पिकअप घेताना रिमवर हळूहळू सरकतो, सोबत ट्यूबला ओढतो, व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला. शेवटी व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटते. तिथे पॅच बसत नाही, नवी ट्यूबच टाकावी लागते. "कंपनीची ट्यूब असूनही सहा महिन्यांत गेली" म्हणणाऱ्याला मी आधी व्हॉल्व्हचा कल बघायला सांगतो.

हवा जास्त असली की प्रत्येक खडा हाताला आणि कंबरेला कळतो. मागच्या टायरचा मधला पट्टा झिजून सपाट होतो आणि कडांवर रबराचे बारीक केस तसेच राहतात. खडीवर चाक उड्या मारतं. पहिल्या पावसात किंवा रस्त्यावर सांडलेल्या वाळूवर मागचा ब्रेक दाबला की चाक लगेच सरकतं, कारण जमिनीला टेकणारा टायरचा भाग कमी झालेला असतो.

यांशिवाय तिसरा प्रकार आहे: आकडा बरोबर भरतो, पण आठ दिवसांत हवा उतरते. ज्यांचं असं होतं त्यांनी खालच्या पहिल्या दोन तपासण्या कराव्यात, आणि मग मीटर घेऊन सरळ व्हॉल्व्हवर, म्हणजे पाचव्या तपासणीवर जावं.

१. आकडा कुठला धरायचा? (खर्च शून्य)

हवेवाला विचारतो, "किती टाकू?" आपण म्हणतो, "टाक तीस-पस्तीस." इथेच पहिली चूक होते. तुमच्या गाडीचा आकडा गाडीवरच लिहिलेला असतो. चेनकव्हरवर, स्विंग आर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंवा सीटखाली छोटं स्टिकर असतं. चिखलाने माखलेलं असेल तर ओल्या फडक्याने पुसा. स्टिकर गेलं असेल तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात बघा. त्यावर साधारण तीन आकडे असतात: पुढचं चाक, मागचं चाक एकट्याला, आणि मागचं चाक डबल सीट.

१००-१२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढे २५ च्या आसपास, मागे एकट्याला २८ च्या आसपास आणि डबल सीटला ३२ पासून काही गाड्यांत थेट ४० पर्यंत पाउंड दिलेले असतात. यातला फरक बघा. डबल सीटचा आकडा गाडीगाडीला इतका वेगळा असतो की शेजाऱ्याच्या गाडीवरून आपला ठरवता येत नाही.

काही स्टिकरवर पाउंड, म्हणजे पीएसआय, नसतात. किलो प्रति चौरस सेंटीमीटर असेल तर १४.२ ने गुणा: १.७५ म्हणजे २५, २.०० म्हणजे २८, २.२५ म्हणजे ३२. किलोपास्कल असेल तर १७५ म्हणजे २५, २०० म्हणजे २९, २२५ म्हणजे ३३.

टायरच्या पोटावरही एक आकडा कोरलेला असतो, "कमाल भार इतके किलो, इतक्या पीएसआयला" अशा अर्थाचा. तो भरायचा आकडा नाही. तो टायर बनवणाऱ्याने घातलेला वरचा काठ आहे, आणि तोच टायर वेगवेगळ्या वजनाच्या गाड्यांना लागत असतो. हा आकडा वाचून हवा भरणारे बरेच भेटतात, त्यांचा मधला पट्टा वर्षभरात गुळगुळीत होतो.

स्टिकरचा आकडा कंपनीने दिलेल्या साइजच्या टायरसाठीच असतो. दिसायला भारी म्हणून मागे जाड टायर टाकला असेल तर तो आकडा तंतोतंत लागू पडत नाही. मी अशा गाड्यांना मूळ साइजचा टायर परत टाकायचा सल्ला देतो. लोक ऐकत नाहीत, तो भाग वेगळा.

२. हवा कधी बघितली? (खर्च शून्य, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच)

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी तीनेक तास सावलीत उभी आहे, किंवा जेमतेम दोन किलोमीटर सावकाश चालली आहे. उन्हात उभी असलेली गाडी चाललेली नसली तरी तिचा टायर थंड धरायचा नाही.

आपल्याकडे याला फार महत्त्व आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला टेकतो, आणि डांबर हवेपेक्षाही जास्त तापतं. टायरमधली हवा १० अंशांनी तापली की दाब साधारण सव्वा ते दीड पाउंडाने वाढतो. आता हिशोब करा. सकाळी २८ अंश तापमान असताना तुम्ही मागे बरोबर २८ पाउंड भरले. दुपारी भर उन्हात चोपड्याहून शिरपूर गाठलं, टायरच्या आतली हवा ६० अंशांपर्यंत गेली. मीटर आता ३२-३३ दाखवणार. टायरमध्ये काही बिघडलेलं नाही, त्याला हे वाढलेलं प्रेशर सोसायचंच असतं, आणि स्टिकरचा आकडा ठरवताना कंपनीने ते धरलेलं असतं.

पण पंपावर कुणीतरी मीटर लावतो आणि म्हणतो, "भाऊ, हवा लई झाली, कमी करून देतो." फुस्स करून २८ ला आणतो. रात्री टायर थंड झाला की त्याच टायरमध्ये २४ च्या आसपास उरते. दुसऱ्या दिवशी त्यावर नवरा-बायको आणि पोरगं बसून गावाला निघतात, जिथे ३२ किंवा त्याहून जास्त हवी होती. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवसांत लेकीबाळी माहेरी येतात, रस्त्यावर सगळ्या गाड्या भरलेल्या असतात, आणि चिमटलेल्या ट्यूबांची रांग लागते ती याच दिवसांत. तापलेल्या टायरमधून हवा कधीही काढू नका. ही एक सवय सोडली तरी निम्म्या तक्रारी संपतात.

यालाच जोडून एक समजूत आहे: "उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो." गावोगाव हे ऐकायला मिळतं आणि ते उलटं आहे. टायर तापतो तो उन्हाने कमी, आणि स्वतःच्या वाकण्याने जास्त. चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि पुन्हा फुगतो. हवा कमी असली की हे दबणं वाढतं, पोटातलं रबर आणि आतले धागे सारखे मुडपतात आणि त्यातून उष्णता तयार होते. वजन, वेग आणि तापलेलं डांबर यांची भर पडली की धागे सुटतात. उन्हाळ्यात फुटलेल्या टायरचं पोट कापून बघा, बहुतेकदा आतून गोल फिरलेला काळा, पिठूळ झालेला पट्टा दिसतो. तो कमी हवेवर चालल्याचा पुरावा. म्हणून उन्हाळ्यातही स्टिकरचाच आकडा, सकाळी थंड टायरला.

हिवाळ्यात याच्या उलट होतं. ऑक्टोबरच्या दुपारी ३५ अंशांत २८ पाउंड भरले आणि नंतर विसरलात. जानेवारीत धुळ्या-नंदुरबारकडे पहाटे पारा ८ अंशांवर येतो, तेव्हा त्याच टायरमध्ये २४-२५ उरतात, एक थेंबही गळती नसताना. त्यात ट्यूबच्या रबरातून महिन्याला एक-दोन पाउंड हवा आपोआप झिरपते, ती वेगळी. गव्हाला पाणी भरायला पहाटे निघालेल्या माणसाला हँडल जड लागतं, तो ते थंडीवर ढकलतो, आणि खरं म्हणजे टायर विशीत आलेला असतो. थंडी सुरू झाली की एकदा आणि मार्चमध्ये एकदा मुद्दाम हवा बघाच. बाकी वेळी पंधरा दिवसांनी एकदा पुरते.

पंप घरापासून लांब असेल तर थंड टायर पंपापर्यंत नेता येत नाही, हे खरं आहे. त्यावर उपाय असा: घरी सकाळी मीटर लावा. समजा २२ निघाले आणि हवेत २८, म्हणजे ६ कमी. पंपावर पोहोचल्यावर तोच टायर २५ दाखवत असेल तर २५ मध्ये ६ मिळवून ३१ करा. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी बघितलं तर २८ च्या अगदी जवळ येतं.

जाता जाता: तोरणमाळला निघालेली पोरं "घाट आहे, हवा कमी करू का?" असं विचारतात. नका करू. ते हजार मीटरहून उंच आहे, वर बाहेरच्या हवेचा दाब घटल्याने मीटर साधारण दीड पाउंड जास्त दाखवेल, आणि वरच्या गारव्यात त्यातलंही बरंचसं निघून जातं.

३. मीटर कुणाचं? (दोन-तीनशे रुपये)

अंगठ्याने दाबून, लाथ मारून किंवा टॉमी (लोखंडी दांडा) आपटून आवाजावरून हवा ओळखणारे उस्ताद गावात असतात. त्यांना बाजूला तीन टायर मांडून एकदा परीक्षा घ्या. २० आणि ३० मधला फरक त्यांना कळेल, २४ आणि ३० मधला नाही, आणि आपला सगळा खेळ त्या सहा पाउंडांचाच आहे. ट्यूबलेस टायर तर पोटाने कडक असतो, तो अर्ध्या हवेवरही भरलेला वाटतो.

पंपावरचं किंवा रस्त्याकडेच्या कॉम्प्रेसरचं मीटर आपटून, उन्हात पडून चुकीचं होतं. म्हणून स्वतःचं पेन्सिल मीटर किंवा छोटं डिजिटल मीटर घ्या आणि तेच सगळीकडे वापरा. दोन ठिकाणची मीटरं वेगळं बोलली तरी तुमचं एकच राहिलं की महिन्या-महिन्याचा फरक खरा कळतो. नवीन मीटर घेतल्यावर ते एखाद्या चांगल्या टायर दुकानातल्या मीटरशी ताडून बघा.

पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, ती सोय हक्काने वापरा. हवा भरून झाल्यावर मात्र आपलं मीटर लावा. नायट्रोजनसाठी पैसे मोजणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. रोजच्या गाडीला साधी हवा चालते.

४. गाडीवर वजन किती? (खर्च शून्य)

डबल सीटचा आकडा लोक फक्त माणसापुरता धरतात. मागच्या टायरला मात्र माणूस आणि गोणी यात काही फरक कळत नाही. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० ची. दुधाचा ४० लिटरचा कॅन भरला की दूधच ४१ किलोच्या आसपास, वर कॅनचं वजन. असे दोन कॅन दोन्ही बाजूंना लटकवले की मागे एक धडधाकट माणूस बसल्यापेक्षा जास्त झालं. आणि हे सगळं वजन मागच्या चाकावर, बऱ्याचदा एक्सलच्याही मागे. म्हणून पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल थरथरतं. लोक त्याला "पुढचं चाक आउट झालं" म्हणतात.

पुढच्या चाकाचा आकडा वजनाने फारसा बदलत नाही, स्टिकरवरही बहुतेकदा एकच असतो. बदलायचा तो मागचा. सकाळी भरलेले कॅन घेऊन डेअरीला जायचं आणि रिकामे घेऊन परत यायचं, अशांना रोज दोनदा हवा बदलणं जमणार नाही. त्यांना मी डबल सीटचाच आकडा कायम ठेवायला सांगतो. येताना गाडी जरा कडक लागेल, मधला पट्टा थोडा लवकर झिजेल, पावसात मागचा ब्रेक जपून मारावा लागेल. तरी कमी हवेवर वजन वाहून टायर आतून भाजण्यापेक्षा हे बरं. याउलट महिन्यातून एखाद्या वेळीच मागे कुणी बसत असेल तर एकट्याचा आकडा ठेवा आणि त्या दिवशी सकाळी वाढवा.

एक मर्यादा मात्र हवा भरून ओलांडता येत नाही. या गाड्यांच्या पुस्तकात एकूण वजनाची हद्द दिलेली असते, बऱ्याच गाड्यांत ती १३०-१५० किलोच्या आसपास, आणि त्यात चालवणारा धरलेला असतो. ७० किलोचा माणूस आणि दोन गोण्या म्हणजे १६०-१७० किलो झालं. तिथे ५० पाउंड भरून काही साधत नाही. टायर टणक होतो, स्पोक तुटतात, शॉकअप बसतं. दोन खेपा करा.

काळ्या जमिनीच्या शेतरस्त्यावर चाक घसरतं म्हणून पावसाळ्यात काही जण मागची हवा १५-१६ वर आणतात. पकड थोडी वाढते हे कबूल. पण ट्यूबच्या टायरमध्ये इतक्या कमी हवेवर व्हॉल्व्ह ओढला जातो, आणि शेतातून डांबरीवर आल्यावर परत हवा भरायला कुणी थांबत नाही. स्टिकरपेक्षा तीन-चार पाउंडांहून खाली जाऊ नका, आणि डांबरीवर लांब जायचं असेल तर तेवढंही नको.

५. व्हॉल्व्हची पिन आणि टोपी (दहा-वीस रुपये)

आकडा बरोबर भरूनही आठ दिवसांत उतरत असेल तर इथून सुरुवात करा. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचं बोट किंवा साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवा आणि मिनिटभर बघत बसा. फुगा हळूहळू वर आला की पिन गळतेय. गडबड करू नका, बारीक गळतीचा फुगा यायला वेळ लागतो.

पिन आधी व्हॉल्व्हच्या चावीने हलकी घट्ट करा, पुन्हा थेंब ठेवा. तरी फुगा आला तर पिन बदला. ती जवळजवळ फुकटात मिळते. आपल्याकडे पिन खराब व्हायचं कारण धूळ. टोपी नसते, फुफाटा व्हॉल्व्हमध्ये बसतो, हवा भरताना तो दाबाने आत जातो आणि पिनच्या बारीक रबरावर अडकतो. म्हणून टोपी लावा, तीही आत रबरी वायसर असलेली. हवा भरायच्या आधी पिन क्षणभर दाबून फुस्स करा, म्हणजे अडकलेली धूळ बाहेर उडते.

व्हॉल्व्ह बुडाशी हलवूनही थेंब ठेवा. हलवल्यावर फुगे येत असतील तर ट्यूब तिथून जातेय.

६. काटा (पंक्चरचा खर्च)

बाभूळ, वेडी बाभूळ आणि सराटे हे आपल्या बांधांवरचे कायमचे रहिवासी. उन्हाळ्यात कुंपणासाठी काट्या तोडून वाटेने ओढत नेतात आणि काटे रस्त्यावर सांडतात. नवीन टायरला सराट्याचा काटा पुरत नाही, झिजलेल्याला लगेच पोहोचतो.

ट्यूबलेस असेल तर काटा रुतूनही गाडी महिनाभर चालते, रोज एखादा पाउंड जातो आणि मालकाला पत्ता नसतो. चाक मेनस्टँडवर घेऊन टायरवर सगळीकडे साबणाचं पाणी सोडा आणि चाक हळूहळू फिरवत फुगे शोधा. सापडलेला खिळा रस्त्यात ओढून काढू नका, पंक्चरवाल्याकडे पोहोचेपर्यंत तोच बूच आहे.

ट्यूबचा टायर एकाच जागी पुन्हा पुन्हा पंक्चर होत असेल तर टायरमध्ये काट्याचं टोक तुटून राहिलंय असं समजा. पंक्चरवाल्याला एवढं करायला सांगा: ट्यूब काढायच्या आधी टायरवर व्हॉल्व्हसमोर खडूने खूण करायची. ट्यूबचं भोक सापडलं की ट्यूब त्याच दिशेने टायरशेजारी धरायची, व्हॉल्व्ह खुणेला लावून. भोकासमोरच्या पट्ट्यात काटा सापडतोच. शोधताना टायरच्या आत बोट फिरवू नका, सुती कापड फिरवा. बोटाला न कळणारं टोक कापडाचा धागा पकडतं, आणि बोटही वाचतं.

७. रिम

चाक मेनस्टँडवर फिरवा आणि स्विंग आर्मजवळ खडू स्थिर धरा. रिमला कुठे पोक असेल तर खडू तिथेच घासतो. ट्यूबलेस टायरची हवा या पोकातून किंवा रिमच्या कडेला बसलेल्या गंजातून जाते. साबणाचं पाणी टायर आणि रिमच्या सांध्यावर टाकलं की कळतं. स्पोकच्या चाकात उलटी अडचण असते: स्पोकची टोकं वर येऊन ट्यूबला टोचतात. ट्यूबवर आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला भोक असेल तर रिमटेप फाटलाय किंवा सरकलाय. टेप स्वस्त आहे, ट्यूब बदलताना तोही बदलून घ्या. अलॉयला, म्हणजे बिनस्पोकच्या ओतीव चाकाला तडा असेल तर पुढे वाचा.

८. टायरचं वय

टायरच्या पोटावर लंबगोलात चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी उन्हात उभं राहून रबर वाळतं, पोटाला तडे जातात आणि असा टायर हवा धरत नाही की रस्ता धरत नाही. नक्षीच्या खोबणीत मध्येमध्ये छोटे उंचवटे असतात, झीज त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. मध्ये सपाट झालेला टायर हवा बरोबर करून सुधारत नाही. गाडी वळणावर त्या सपाट पट्ट्याच्या कडेवरून घसरल्यासारखी कलंडते, आणि लोक पुन्हा हवेत खुडबुड करत बसतात.

नवीन टायर घेताना ट्यूबही नवी आणि त्याच साइजची घ्या. ताणलेली जुनी ट्यूब नव्या टायरमध्ये घडी घेते आणि घडीवर चिरते.

९. हवा बरोबर, टायर बरोबर, तरी डुलते

आता खरंच हवेचा विषय संपला. मेनस्टँडवर घेऊन मागचं चाक वर-खाली नाही, डावी-उजवीकडे हलवा. टकटक लागली तर बेअरिंग किंवा स्विंग आर्मचा बुश. मदतनिसाला गाडी मागे दाबून पुढचं चाक उचलायला सांगा आणि हँडल अगदी हळू फिरवा. मध्यावर अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मुळाशी असलेलं बेअरिंग. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवल्या नाहीत तर मागचं चाक तिरकं बसतं आणि गाडी एका बाजूला ओढते. ही खूण मात्र तुम्हीच बघू शकता.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

टायरच्या पोटावर फुगवटा आला असेल किंवा धागे दिसत असतील तर त्यात हवा भरूच नका, ना कमी, ना जास्त. आतला सांगाडा तुटलेला असतो. गाडी ढकलत न्या किंवा टेम्पोत टाका.

ट्यूबलेसच्या पोटात भोक पडलं असेल तर पट्टी टाकून वापरायचा नाही. मधल्या पट्ट्यातलं भोक साधारण ६ मिलिमीटरपेक्षा मोठं असेल तरी नाही. एखादा "करून देतो, चालतंय" म्हणेल, त्याला नम्रपणे नाही म्हणा.

ट्यूबलेस टायर रिमवरून सुटला असेल तर तो घरच्या पंपाने बसत नाही. मोठ्या कॉम्प्रेसरवर बसवतानाही टायरवर लिहिलेल्या हद्दीपलीकडे हवा मारून "ठप्" आवाजाची वाट बघत तोंड जवळ नेऊन बसणं म्हणजे जीवाशी खेळ. ते टायरवाल्याला करू द्या, आणि तुम्ही चार पावलं लांब उभे राहा.

अलॉयला तडा गेला असेल, रिमला मोठा पोक असेल किंवा एकाहून जास्त स्पोक ढिले असतील तर चाक काढून चांगल्या फिटरकडे द्या. स्पोक एकेक करून घरी आवळले की चाक आणखी आउट होतं. अलॉयचा तडा वेल्डिंग करून वापरणारे आहेत, मी तसं चाक माझ्या गॅरेजमध्ये गाडीला लावत नाही.

हवा, टायर, वजन तिन्ही बरोबर असूनही ५०-६० च्या वेगाला हँडल आपोआप हलायला लागलं तर त्या दिवशी गाडी हायवेवर नेऊ नका. कोनसेट, बेअरिंग, स्विंग आर्म, आणि पूर्वी गाडी पडली असेल तर चॅसी, एवढं एकदा तपासून घ्यायला लागेल. मेकॅनिकला नुसतं "डुलते" म्हणू नका. थंड टायरचे दोन्ही आकडे, मागे किती वजन होतं, किती वेगाला सुरू होतं आणि ब्रेक मारल्यावर वाढतं की कमी होतं, एवढं कागदावर लिहून न्या. त्याचा अर्धा दिवस वाचेल आणि तुमचे बेअरिंगचे पैसे.